गंधकयुक्त कार्बनी संयुगांतील युग्मनांक : मापन, गणन आणि जुळणीचा मोह

१

कोणत्याही शोधनिबंधात नव्या संयुगाच्या वर्णनाखाली एक ठराविक ओळ असते. आधी विद्रावकाचे नाव, नंतर वर्णपटमापकाची कंप्रता, मग रासायनिक स्थानांतरांची मालिका आणि प्रत्येक आकड्यापुढे कंसात एकदोन युग्मनांक, असा तिचा क्रम असतो. अलीकडे या मोजलेल्या युग्मनांकांशेजारी संगणकाने गणिलेल्या युग्मनांकांचा दुसरा स्तंभही छापला जाऊ लागला आहे. दोन्ही स्तंभांतील आकडे जवळजवळ सारखे आले की संयुगाची संरचना सिद्ध झाली असे मानण्याचा प्रघात पडत चालला आहे. या प्रघाताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

परीक्षेसाठी गंधकयुक्त कार्बनी संयुगे निवडली आहेत, याला कारण आहे. थायॉल, सल्फाइड, सल्फॉक्साइड, थायोफीन या वर्गांत मापनाच्या व गणनाच्या नेहमीच्या सवयी अधिक लवकर उघड्या पडतात. ऑक्सिजनयुक्त संयुगांवरून बांधलेले नियम गंधकाला लावले की ते कोठे टिकतात आणि कोठे मोडतात, हे येथे स्पष्ट दिसते.

हा प्रश्न केवळ मोठ्या प्रयोगशाळांचा आहे असे मात्र समजू नये. इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या ठिकाणी, किंवा इंदापूर-बारामतीच्या महाविद्यालयांत, रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी संयुग स्वतः तयार करतो. पण उच्च क्षेत्राचा वर्णपटमापक त्याच्या हाताशी बहुधा नसतो. नमुना पुण्यास पाठवावा लागतो आणि परत येतो तो छापील वर्णपट व शिखरांची यादी. ज्याने यंत्र पाहिले नाही त्याला आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते अशी समजूत आहे. ती चुकीची आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम थोडा इतिहास. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांनी एथिल अल्कोहोलाचा प्रोटॉन वर्णपट प्रसिद्ध केला. एकाच रेणूतील तीन प्रकारचे हायड्रोजन त्यात तीन वेगळ्या शिखरांच्या रूपाने दिसले. त्याच वर्षी धर्मट्टी व वीव्हर यांनी गंधक-३३ या समस्थानिकाच्या अणुकेंद्राचे चुंबकीय परिबल मोजून प्रसिद्ध केले. पुढे एस. एस. धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चुंबकीय अनुस्पंदनाच्या कार्याची उभारणी केली. गंधकाचे अनुस्पंदन हा विषय आपल्याकडे दुरून आलेला आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

अल्कोहोलाच्या त्या पहिल्या वर्णपटात युग्मन मात्र दिसत नव्हते. चुंबकीय क्षेत्राची एकविधता सुधारली तेव्हाच शिखरांचे तुकडे दिसू लागले. हान व मॅक्सवेल, तसेच गुटोव्स्की, मॅकॉल व स्लिक्टर यांनी १९५१ ते १९५३ या काळात या तुकड्यांचा छडा लावला, आणि रॅम्से व पर्सेल यांनी १९५२ मध्ये त्यांचे कारण दाखविले. एक अणुकेंद्र आपल्या भोवतीच्या इलेक्ट्रॉनांचे परिवलन किंचित ध्रुवित करते. हे ध्रुवण बंधांतून पुढे जाते आणि दुसऱ्या अणुकेंद्राला त्याची वार्ता पोहोचते. या वार्तेचे बळ म्हणजे युग्मनांक. तो हर्ट्‌झमध्ये मोजतात आणि बाहेरील क्षेत्राच्या तीव्रतेवर तो अवलंबून नसतो. ही शेवटची गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

गंधकाची स्थिती विलक्षण आहे. निसर्गातील सुमारे ९५ टक्के गंधक हे ३२ वस्तुमानांकाचे असून त्याला परिवलन नाही. परिवलन असलेले गंधक-३३ केवळ पाऊण टक्क्याच्या आसपास आढळते. त्याची अनुस्पंदन कंप्रता प्रोटॉनाच्या सुमारे एक तेरांश; शिवाय ते चतुर्ध्रुवी अणुकेंद्र असल्यामुळे थायॉल व सल्फाइड यांत त्याची रेषा पसरून अगदी रुंद होते. सल्फोन व सल्फोनेट यांतच ती बऱ्यापैकी अरुंद राहते. तात्पर्य, गंधकयुक्त संयुगातील युग्मनांक म्हणजे व्यवहारात गंधकाचा युग्मनांक नव्हेच. गंधकाच्या शेजारचे, किंवा गंधकाच्या पलीकडे पोहोचणारे, हायड्रोजन व कार्बन यांचे परस्पर युग्मन आपण मोजतो. गंधक स्वतः बोलत नाही. त्याच्याविषयी जे कळते ते शेजाऱ्यांच्या साक्षीवरून. आणि साक्ष जर अप्रत्यक्ष असेल, तर उलटतपासणी अधिक कसून करणे अगत्याचे ठरते.

३

उलटतपासणीला आरंभ मापनापासून केला पाहिजे.

पहिला दोष अंकगणिताचा आहे. यादीतील शिखरांची स्थाने दशलक्षांश एककात दिलेली असतात. ५०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर ०.०१ दशलक्षांश म्हणजे ५ हर्ट्‌झ. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केलेल्या स्थानांची वजाबाकी करून ७.३ हर्ट्‌झ असा युग्मनांक काढता येत नाही. तीन दशांश स्थळे घेतली तरी प्रत्येक पायरी अर्ध्या हर्ट्‌झची राहते. असे असता छापील प्रबंधांत एकाच जोडीतील एका हायड्रोजनापुढे ७.२ आणि दुसऱ्यापुढे ७.८ असे आकडे आढळतात. युग्मन परस्पर असते. दोन्ही बाजूंना तोच आकडा निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर त्या फरकाएवढी तरी अनिश्चितता मोजणाऱ्याने कबूल करावयास हवी.

दुसरा दोष विभेदनाचा. संकेत दोन सेकंद नोंदविला तर खरे विभेदन अर्ध्या हर्ट्‌झच्या आसपासचे असते. नंतर शून्यांची भर घालून वक्र गुळगुळीत करता येतो, परंतु न नोंदविलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही. शिवाय दोन रेषा एकमेकींवर चढल्या असता त्यांच्या शिखरांतील अंतर खऱ्या युग्मनांकापेक्षा कमी दिसते. युग्मनांक हा रेषेच्या अर्ध्या उंचीवरील रुंदीच्या ०.५८ पटींहून लहान झाला की दोन शिखरांचे एकच शिखर होते. द्विमितीय वर्णपटातील विरुद्ध कलेच्या जोडीत नेमके उलट घडते : युग्मनांक कितीही लहान असला तरी शिखरांतील अंतर त्या मर्यादेखाली जात नाही, म्हणून तो फुगून दिसतो. सल्फाइडांतील गंधकापलीकडचे चारबंधी युग्मन एक हर्ट्‌झहूनही लहान असते. अशा ठिकाणी दोन शिखरांतील अंतर मोजणे म्हणजे युग्मनांक मोजणे नव्हे. संपूर्ण रेषाकृती गणिताने जुळवून पाहावी लागते.

तिसरा दोष अधिक खोल आहे. गंधक व ऑक्सिजन यांच्यामध्ये दोन मिथिलीन गट असलेल्या साखळीत पुष्कळदा दोन सुबक ‘त्रिके’ दिसतात आणि त्यांतील अंतर युग्मनांक म्हणून लिहिले जाते. वस्तुतः त्या दोन गटांमध्ये दोन वेगवेगळे युग्मनांक असतात. त्रिकाच्या बाहेरच्या दोन रेषांतील अंतर त्यांची बेरीज सांगते. प्रत्येक किती, हे ती सांगत नाही. सल्फॉक्साइडात तर गंधक हाच असममित केंद्र असल्यामुळे शेजारच्या मिथिलीनातील दोन हायड्रोजन असमान होतात व प्रबळ युग्मनाची चार रेषांची आकृती उमटते. येथे युग्मनांक थेट अंतरावरून मिळतो, पण रासायनिक स्थानांतरे रेषांच्या मध्यावर नसतात. दोन वेगळ्या क्षेत्रांवर वर्णपट घेणे हा याचा साधा निकाल आहे. जे हर्ट्‌झमध्ये स्थिर राहते ते युग्मन. जे क्षेत्राबरोबर वाढते ते स्थानांतर.

थायॉलाची गोष्ट याहून वेगळी. अल्कोहोलातील हायड्रॉक्सिल हायड्रोजन एका रेणूतून दुसऱ्यात इतक्या वेगाने जातो की त्याचे युग्मन सामान्य नमुन्यात बहुधा पुसले जाते. थायॉलात ही देवघेव सावकाश होते, म्हणून गंधकावरील हायड्रोजनाचे युग्मन नेहमीच्या द्रावणातही दिसते. मिथेनथायॉलात ते सुमारे ७.४ हर्ट्‌झ आहे. आता या आकड्यावरून कोनाविषयी काय सांगता येईल? मिथिल गट फिरत असतो, तेव्हा हा आकडा एका समोरासमोरच्या व दोन तिरप्या स्थितींची सरासरी असतो. म्हणजे समोरचे मूल्य अधिक तिरप्याची दुप्पट बरोबर २२.२. समोरचे १४ व तिरपे ४.१ घेतले तरी हे समीकरण सुटते, आणि १६ व ३.१ घेतले तरी सुटते. एक समीकरण आणि दोन अज्ञाते, अशी ही स्थिती आहे. मार्टिन कार्प्लस यांनी १९५९ मध्ये कोन व युग्मनांक यांचा संबंध मांडला आणि १९६३ च्या लेखात त्यातून एकदोन अंशांपर्यंत कोन काढू पाहणाऱ्यांना सावधही केले. त्यांचे समीकरण सर्वांनी उचलले; इशारा तेवढ्या आवडीने उचलला गेला नाही.

४

मापन निर्दोष असूनही अर्थ चुकू शकतो. याचे उत्तम उदाहरण थायोफीन.

थायोफीनात शेजारच्या २ व ३ स्थानांतील युग्मनांक सुमारे ४.९, ३ व ४ मधील सुमारे ३.५, २ व ४ मधील सुमारे १.० आणि गंधकाच्या दोन्ही बाजूंच्या २ व ५ स्थानांतील सुमारे २.८ हर्ट्‌झ आहे. शेवटचा आकडा मिळविणे सोपे नाही, कारण २ व ५ येथील हायड्रोजन रासायनिक दृष्ट्या एकसारखे आहेत. परंतु शेकडा एखाद्या रेणूत २ स्थानी कार्बन-१३ असतो. त्या रेणूत एका हायड्रोजनाची रेषा सुमारे १८५ हर्ट्‌झच्या युग्मनाने दोहोंकडे दूर सरकते, दोन जुळ्यांमधील साम्य मोडते, आणि या दुय्यम रेषांमध्ये त्यांचे परस्पर युग्मन उघड दिसते.

चार बंध ओलांडून, तेही गंधकातून, जवळजवळ तीन हर्ट्‌झची वार्ता पोहोचते, हे पाहून गंधकाच्या रिकाम्या ‘डी’ कक्षकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९४९ मध्ये थायोफीनाच्या इलेक्ट्रॉनी रचनेत या कक्षकांना स्थान दिले होते, आणि त्यानंतर बराच काळ गंधकाच्या प्रत्येक विशेषाला हेच उत्तर दिले जाई. पण तुलना करून पाहावी. फ्यूरानात गंधकाऐवजी ऑक्सिजन आहे. उपयोगी पडतील असे ‘डी’ कक्षक त्याच्याजवळ नाहीत. तरीही तेथे २ व ५ मधील युग्मन सुमारे १.४ हर्ट्‌झ आहे. पिरोलात नायट्रोजन आहे. तेथे ते २ च्या आसपास आहे. मग जे ऑक्सिजन व नायट्रोजन यांना ‘डी’ कक्षकांवाचून साधते, त्याचा थोडा मोठा आकडा गंधकापाशी दिसला म्हणून तो ‘डी’ कक्षकांचा पुरावा कसा ठरेल? त्यातच या दोन हायड्रोजनांमध्ये दुसरी वाट आहे : कार्बनांच्या बाजूने, पाच बंधांची. दोन्ही वाटांनी आलेली वार्ता एकाच आकड्यात मिसळलेली असते. पुढील काळातील मूलभूत गणनांनीही गंधकाच्या ‘डी’ फलनांचे कार्य मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या वितरणाला योग्य आकार देण्याचे आहे, प्रत्यक्ष बंध घडविण्याचे नव्हे, असाच निर्वाळा दिला. आकडा खरा होता. त्याच्यावर लादू पाहिलेला अर्थ त्याला पेलणारा नव्हता.

५

आता गणनाकडे वळू. रॅम्से यांनी १९५३ मध्ये दाखविल्याप्रमाणे युग्मनांकाची चार पदे आहेत : इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीतून येणारी प्रतिचुंबकीय व समचुंबकीय अशी दोन, परिवलनाच्या द्विध्रुवी क्रियेचे तिसरे, आणि अणुकेंद्राच्या जागीच असलेल्या इलेक्ट्रॉनामुळे येणारे फेर्मी स्पर्शपद हे चौथे. कार्बन-हायड्रोजन युग्मनात बहुधा चौथेच प्रबळ असते. पोपल व सँट्री यांनी १९६४ मध्ये रेण्वीय कक्षकांच्या आधारे ही पदे हिशोबात आणली. पोपल, मॅकिव्हर व ऑस्टलंड यांची सान्त क्षोभ पद्धती १९६८ मध्ये आली. आणि २००० च्या सुमारास घनता फलनकावर आधारलेली गणने नेहमीच्या वापरात उतरली. आज साध्या संगणकावर मध्यम आकाराच्या रेणूचे युग्मनांक एका रात्रीत मिळतात. ही सुलभता स्वागतार्ह आहे. तिच्यामुळेच पुढील तीन प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे.

पहिला प्रश्न, आधारफलने कोणती? स्पर्शपद अणुकेंद्राच्या नेमक्या जागेवरील इलेक्ट्रॉन घनतेवर अवलंबून असते. तेथे खऱ्या तरंगफलनाला टोक असते, तर गणनात वापरलेली गाऊसी फलने तेथे सपाट असतात. म्हणून केंद्रालगतची तीव्र ‘एस’ फलने मुद्दाम वाढवावी लागतात. ऊर्जेसाठी चांगला असलेला संच युग्मनांकासाठी चांगला असतोच असे नाही. गंधकापाशी आणखी एक अडचण आहे : तीव्र ‘डी’ फलने न घेतल्यास सल्फॉक्साइडातील गंधक-ऑक्सिजन बंध प्रमाणाबाहेर लांब निघतो. रेणूची आकृतीच चुकली तर तिच्यावर गणिलेला युग्मनांक बरोबर येणे हा योगायोगच म्हणावा लागेल.

दुसरा प्रश्न, पद्धती कोणती? हार्ट्री-फॉक पद्धती असंतृप्त रेणूंत, विशेषतः थायोफीनासारख्या वलयांत, त्रिक अवस्थेच्या अस्थैर्यामुळे भलतेच आकडे देऊ शकते. घनता फलनकाने हा दोष पुष्कळ सौम्य होतो, परंतु प्रत्येक फलनकाची स्वतःची ओढ असते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा : गणिलेला आकडा नेमक्या कोणत्या रेणूचा? गणन होते ते एका गोठलेल्या, निर्वातातील, एकाच संरूपणातील रेणूचे. मापन होते ते द्रावणात, कंप पावणाऱ्या व वळणाऱ्या असंख्य रेणूंचे. मिथेनातील कार्बन-हायड्रोजन युग्मनांक १२५ हर्ट्‌झच्या आसपास आहे आणि त्यात कंपनांचा वाटा सुमारे ५ हर्ट्‌झ आहे. तेव्हा कंपनांचा हिशोब न घेता केलेले गणन प्रयोगाशी एका हर्ट्‌झपर्यंत जुळले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घेतली पाहिजे. चार-पाच हर्ट्‌झची उणीव दुसऱ्या कोणत्या तरी चुकीने भरून काढली आहे, हाच त्याचा सरळ अर्थ. अशी परस्पर फेड एका संयुगात होते म्हणून ती दुसऱ्यात होईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

६

या दोन्ही बाजू, म्हणजे मापनाची व गणनाची, एकत्र तपासण्यासाठी साखरेचे उदाहरण घेऊ. कळंबच्या परिसरात ते परके वाटण्याचे कारण नाही. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने येथे ऊस आणि साखर यांचा उद्योग मांडला आणि त्यातून वालचंदनगर उभे राहिले.

पर्लिन व कासू यांनी १९६९ मध्ये दाखविले की ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनावरील हायड्रोजन विषुववृत्तीय असेल, म्हणजे आल्फा रूपात, तर कार्बन-हायड्रोजन युग्मनांक १७० हर्ट्‌झच्या आसपास असतो. अक्षीय असेल, म्हणजे बीटा रूपात, तर तो सुमारे १६०. दहा हर्ट्‌झचा हा फरक शर्करारसायनात निदानाचे साधन बनला. ऑक्सिजनावरील एकाकी इलेक्ट्रॉन युग्म अक्षीय बंधाला किंचित सैल करते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

परंतु १,३-डायथायेनात, जेथे वलयातील दोन ऑक्सिजनांची जागा दोन गंधकांनी घेतली आहे, दोन गंधकांमधील कार्बनापाशी हा क्रम उलटतो. अक्षीय बंधाचा युग्मनांक मोठा आणि विषुववृत्तीयाचा लहान निघतो. वुल्फ, पिंटो व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये या उलटीचा संबंध बंधांच्या लांबीशी जोडला. लांब बंधाचा युग्मनांक लहान, हे सूत्र दोन्ही बाजूंना लागू पडते. मात्र बंध लांब का होतो, याविषयी गंधकाच्या बाबतीत ऑक्सिजनाचे स्पष्टीकरण तसेच्या तसे चालत नाही. कार्बन-गंधक बंध स्वतःच इलेक्ट्रॉन देऊ शकतो, ही गोष्ट हिशोबात घ्यावी लागते.

म्हणून शर्करेतील १७० व १६० यांचा नियम गंधकयुक्त वलयाला आंधळेपणाने लावणारा विद्यार्थी संरूपण उलटे ठरवील, आणि त्याचे गणन गंधकासाठी पुरेशा फलनांवाचून केलेले असेल तर ते त्याची चूक दुरुस्त करीलच असे नाही. हीच गोष्ट गंधकातून जाणाऱ्या तीनबंधी कार्बन-हायड्रोजन युग्मनाची. कार्बन-ऑक्सिजन बंध सुमारे १.४३ अँगस्ट्रॉम, कार्बन-गंधक सुमारे १.८२, ऑक्सिजनापाशी कोन सुमारे ११२ अंश, गंधकापाशी सुमारे ९९. रेणूचा सांगाडाच वेगळा असता कोनाच्या समीकरणातील स्थिरांक तेच कसे राहतील? गंधकासाठी ते स्वतंत्रपणे बसविले पाहिजेत, आणि ते कोणत्या संयुगांवर बसविले हेही सांगितले पाहिजे.

७

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मोजलेला आकडा आणि गणिलेला आकडा जुळणे हा पुरावा नव्हे. दोहोंची स्वतंत्र परीक्षा झाल्यानंतर उरलेली जुळणी हा पुरावा होय. म्हणून युग्मनांकाबरोबर त्याची अनिश्चितता, शक्य तेथे त्याचे चिन्ह, नोंदीचा काळ आणि तो अंतरावरून वाचला की रेषाकृती जुळवून काढला, हे लिहिले जावे. गणनाबरोबर आधारफलने, संरूपणांची टक्केवारी, चारही पदे स्वतंत्रपणे आणि कंपनांचा हिशोब घेतला की नाही, हे दिले जावे. आणि गणन निवाड्यासाठी वापरावयाचे असेल तर ते केवळ मान्य संरचनेचे न करता प्रतिस्पर्धी संरचनेचेही करावे. दोन्ही संरचना प्रयोगाशी सारख्याच जुळत असतील, तर त्या युग्मनांकाने निवाडा केलेला नाही असे स्पष्ट म्हणावे.

यंत्रापासून दूर असलेल्या अभ्यासकाला यातील बहुतेक गोष्टी साध्य आहेत. त्याने छापील यादीवर समाधान न मानता मूळ संकेताची नोंद मागून घ्यावी. ती एका लहानशा फाइलीत मावते. ती हाती आली की शिखरांची पुनर्मोजणी, रेषाकृतीची जुळवणी, प्रबळ युग्मनाचे विश्लेषण ही कामे कळंबला बसूनही तितक्याच काटेकोरपणे होतात जितकी पुण्यात. किंबहुना नमुना कसा तयार केला, त्यात काय मिसळले असण्याचा संभव आहे, हे ज्याला माहीत असते त्याच्याच हातून ती अधिक चांगली होण्याचा संभव आहे. विभागांनीही प्रबंध तपासताना दोन स्तंभांची जुळणी पाहून पान उलटू नये. निदान एका युग्मनांकाचा माग मूळ नोंदीपर्यंत काढावा आणि उमेदवारालाही तो काढावयास सांगावे.